टाकीवरचा मारुती

आमच्या चिखलीच्या घराला दोन दारं होती आणि दोघांचा स्वभाव वेगळा. पुढचं दार रस्त्याकडे उघडायचं. तिथं ओटा, लिंबाचं झाड, आबांची सायकल, आणि आल्यागेल्याला "या, बसा, च्या घेऊन जा" म्हणणारी सगळी अदब. मागच्या दाराला मात्र बारा महिने कडी. त्याच्या पलीकडे सफाई गल्ली होती. हे नाव आता माझ्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं. घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या असत आणि मधून एक अरुंद बोळ जाई, नगरपालिकेच्या मालकीचा. टोपलीचे संडास होते तेव्हा त्या बोळातून एक बाई रोज येई, प्रत्येक घरामागची पत्र्याची झडप उचली आणि आमच्या सगळ्यांची घाण डोक्यावर घेऊन जाई. ती येण्याच्या वेळी आम्हा पोरांना मागे जायची बंदी होती. तिच्याकडे बघायचं नाही हे आम्हाला न सांगता शिकवलं गेलं होतं, आणि हे शिकवणं किती वाईट होतं ते कळायला मला बरीच वर्षं जावी लागली.

पुढे टोपलीचे संडास बंद करायचा हुकूम निघाला. फार चांगला हुकूम. पण हुकूम चांगला आहे म्हणून कोणाचं पोट थांबत नाही. नवे संडास बांधून होईपर्यंत आमच्या ओळीतली घरं उघड्यावर आली. पुरुष कुठंही जात. बायकांनी उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर खामगाव रस्त्यापलीकडच्या पडीक रानात जायचं, आणि मधला सगळा दिवस कळ काढायची. आई दुपारनंतर पाणी पिणंच सोडायची. आमच्या घराची खरी कारभारीण मोठी माय, म्हणजे आबांची वहिनी. काका लवकर गेले, तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आणि घराचा शब्दही तिचाच. तिचे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. एका पहाटे ती त्या रानात बाभळीच्या काट्यांत पडली. आई आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. घरी आल्यावर ती आबांसमोर एवढंच म्हणाली, "भाऊजी, म्हाताऱ्या ढोरालेबी गोठा असते."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. माझे वडील शाळेत हेडक्लार्क होते आणि नियमाचे इतके पक्के की सायकलचा दिवा बिघडला तर अंधारात सायकल हातात धरून चालत घरी यायचे. अशा माणसानं टाकीचा संडास बांधायचा ठरवला तर टाकी आपल्या जागेत बांधावी की नाही? जागा होती, पुढच्या अंगणात. पण पुढच्या दारात संडास? नावाच्या पाटीशेजारी? ती कल्पनाच त्या काळात कोणाला झेपणारी नव्हती. मागे घराची भिंत संपली की लगेच गल्ली. आणि टोपल्या बंद झाल्यापासून त्या गल्लीला कोणी वाली उरला नव्हता. कोणी तिच्यात न्हाणी काढली, कोणी बकऱ्या बांधल्या, कोणी गोवऱ्या रचल्या. जो तो हातभर, दोन हात पुढे सरकलेला. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा चार लोक करतात तसं केलं आणि टाकी गल्लीत खोदली. वर फरशीचं झाकण टाकलं. संडास तयार झाला त्या दिवशी मोठ्या मायनं घराघरात साखर वाटली. लोकांनी विचारलं, काय निमित्त? ती म्हणाली, "घरात सुख आलं." मला आजही वाटतं, इतका खरा आनंद मी पुढे कोणाच्या लग्नातसुद्धा पाहिला नाही.

वर्ष सरत आलं असेल नसेल, गावात नवी बातमी फिरू लागली. नगरपालिकेत नवे साहेब आले आहेत आणि ते सगळ्या सफाई गल्ल्या मोकळ्या करणार आहेत. सार्वजनिक जागा ती सार्वजनिक. न्हाणी असो, गोठा असो, संडासाची टाकी असो, तोडणार. टाकी ज्यानं त्यानं आपल्या हद्दीत बांधावी, आणि विहिरीजवळ तर मुळीच नाही. आबांची झोप उडाली. मोठी माय पुन्हा त्या काट्यांत जाईल, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे. मागच्या दाराशी मोठ्या मायचा जुना पाटा पडलेला होता. रंग देताना सरकवला आणि मधून दोन तुकडे झाले. काय पाटा होता तो! जवसाची चटणी असो की मिरचीचा ठेचा, त्याच्यावरचं वाटण जिभेवर वेगळं लागायचं. नव्या पाट्याला ती चव कधी आली नाही. एका शनिवारी सकाळी आबांनी त्यातला मोठा तुकडा उचलला, टाकीच्या झाकणावर उभा केला, बुडाशी सिमेंट लिंपलं आणि त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला. वाटी मी धरली होती. शेंदूर दोनदा चढला आणि दगडाचा मारुती झाला. मग आबांनी मोठ्या मायला हाक मारली आणि तिच्याकडे न बघता सांगितलं, "वहिनी, मागं माती काढून राह्यलो होतो, तं हा मारुती निघाला."

मोठी माय दारात उभी राहून बराच वेळ त्या दगडाकडे बघत होती. "निघाला का?" ती म्हणाली. "बरं झालं." आणि दिवा आणायला आत गेली. आमच्याकडे बायका शेंदऱ्या मारुतीला हात लावत नाहीत. तिनं दिवा लांबून ओवाळला, खाली ठेवला आणि हात जोडले. त्या दिवसापासून रोज. आई पदराआडून आबांकडे बघायची आणि आबा वर्तमानपत्रात डोकं खुपसायचे.

नगरपालिकेची माणसं आली तेव्हा शेजाऱ्याची न्हाणी पाडत पाडत आमच्या टाकीशी थबकली. मुकादमानं आधी चप्पल काढली, मग टोपी. मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. साहेब तरुण होते, उन्हानं लाल झालेले. त्यांनी मारुतीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आबांनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी साहेबांनीही नमस्कार केला आणि ते पुढं गेले. देवाच्या जागेला हात लावून गावात वाद कोण ओढवून घेणार? एक मारुती अडला म्हणून पुढचे गोठेही वाचले, काम तिथंच बारगळलं. संध्याकाळी आबांनी जिलेबी आणली.

पुढे त्या मारुतीनं चांगलंच बस्तान बसवलं. शनिवारी तेल, रुईच्या पानांची माळ, परीक्षेच्या दिवसांत नारळ. देऊळघाटच्या एका बाईला आमच्या मारुतीला बोलून मुलगा झाला, तेव्हा तिनं रोडग्यांचा नवस फेडला. गल्लीच्या तोंडाशी गोवऱ्या पेटल्या, कणकेचे जाड गोळे निखाऱ्यांत भाजले गेले, वांग्याची झणझणीत भाजी, वर तुपाची धार. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि आम्ही पोरंपोरी टाकीच्या झाकणावर मांडी ठोकून जेवत होतो. खाली काय आहे ते मला ठाऊक होतं आणि तरी रोडगा फार गोड लागला, हे लिहून टाकते. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. टाकी उपसावी लागते. तिला तडे जातात. आणि जिच्या झाकणावर देव बसला आहे ती टाकी उघडणार कोण?

गल्लीच्या पलीकडच्या अंगाला जमीलाखालाचं घर होतं. तिचा नवरा चिखली ते देऊळघाट जीप चालवायचा. खालाची विहीर तिच्या परसात, अगदी गल्लीच्या भिंतीला लागून. आमच्या टाकीपासून दोन ढेंगांवर म्हटलं तरी चालेल. तिच्या विहिरीचं चाक कुरकुरलं की आमच्याकडे सकाळ झाली असं समजायचं. आई म्हणायची, खालाच्या चाकाला तेल घालू नका, मला घड्याळ घ्यावं लागेल. ते चाक एक दिवस वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्हाला काही कळलं नाही, पण मोठ्या मायला कळलं. ती भिंतीशी गेली आणि तिनं हाक मारून विचारलं, "काऊन वं जमीला, चाक मोडलं का?"

पलीकडून आवाज आला, "नहीं बाई. यूं ही. हापशीचं पानी अच्छा लगता."

हापशी मशिदीच्या चौकात, चांगली लांब. कोणाच्या परसात विहीर असताना कोणी तिथलं पाणी अच्छा लगता म्हणून आणत नाही. मोठ्या मायनं काठी घेतली, मला म्हणाली, "सुमी, चाल," आणि पुढच्या दारानं, सगळा वळसा घालून, आम्ही खालाच्या घरी गेलो. खाला चुलीपुढून उठली. मोठी माय सरळ परसात गेली, दोर धरून बादली सोडली आणि चाक कुरकुरत ती वर आली. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि सोडून दिलं. मलाही वास आला. खाला पदर तोंडाला लावून उभी होती.

"मले काऊन नाई सांगतलं?"

खाला हळूच म्हणाली, "क्या बोलती बाई? तुमारा भगवान बैठेला है उधर. मैं मुसलमान औरत. मैं बोलूं इसको हटाव, तो गाव में क्या होयेंगा?"

परत येताना मोठी माय इतक्या जोरात चालत होती की काठी हातात असून टेकतच नव्हती. मी मागून जवळजवळ पळत होते.

घरात आल्यावर तिनं आबांना बोलावलं आणि विहिरीचं सांगितलं. "भाऊजी, उद्या नगरपालिकेत जा आन् तुमच्या त्या सायबाले घेऊन या. टाकी फोडाची हाय." आबा उभेच राहिले. ते रागानं नाही, काकुळतीनं बोलले, "वहिनी, मंग तुमी कुठं जासान? त्या काट्यात?" मोठी माय म्हणाली, "जिथं आधी जात होतो तिथं." आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. आमच्या तिघींचं काय होणार ते तिला बरोबर कळलं होतं, आणि मलाही. त्या क्षणी मला मोठ्या मायचा राग आला. पण तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती?

दुसऱ्या दिवशी साहेब आले, मुकादम आला, पहारी आल्या. बातमी आधीच पसरली होती, त्यामुळे अर्धी ओळ गल्लीत लोटली. मजूर पुन्हा झाकणापाशी थबकले. ओळीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, असं देवाला हलवता येत नाही, भटजी बोलवा, मुहूर्त काढा, उत्तरपूजा करा. दुसरा म्हणाला, आणि हलवायचाच का? कोणाची तक्रार आहे? कोण आहे तो, पुढं येऊ द्या. त्याच्या आवाजातली धार मला आजही ऐकू येते. पलीकडच्या भिंतीमागे खालाच्या घराचं दार लागल्याचा आवाज झाला. साहेबांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. गोष्ट हातातून निसटायला लागली होती आणि ते तिथल्या प्रत्येकाला समजत होतं.

तेवढ्यात मोठी माय मागच्या दारातून गल्लीत उतरली. पदर खोचलेला, काठी नाही. तिनं मुकादमाला बुडाशी पहार लावायला सांगितलं. तो हलेना, तेव्हा त्याच्या हातातली पहार घेऊन तिनं स्वतःच सिमेंटात दोन घाव घातले, मग वाकून दोन्ही हातांनी मारुतीला मिठी घातली आणि तो उपटून छातीशी उचलला. मी जन्मात एकाही बाईला मारुतीला हात लावताना पाहिलं नव्हतं, आणि इथं ती त्याला तान्ह्या पोरासारखा धरून उभी होती, पांढऱ्या लुगड्यावर सगळा शेंदूर. आता काहीतरी होणार, आभाळ कोसळणार, असं मला खरंच वाटलं.

"हा माझा पाटा हाय," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "उभी जिंदगी यावर मिरच्या वाटल्या मी. शेंदूर लावला म्हून का हाताची वळख जाते? पयल्याच दिवशी वळखला होता."

आबांनी मान खाली घातली. ते वयस्कर गृहस्थ चाचरत म्हणाले, "मंग वहिनी, तुमी रोज दिवा काऊन लावत होत्या?"

"तुमी साऱ्याईनं हात जोडले, नवस केले, म्हून आला त्याच्यात देव. आला तं आला, मी दिवा लावला. देवाले नाई म्हननारी मी कोन? पन त्याले देव म्हून बसवाचं, चौकीदार म्हून नाई. आपली घान शेजारनीच्या पान्यात जाऊन राह्यली, आन् कोनी बोलू नये म्हून वर आपन देव उभा केला. असं काम देवाले सांगत असते का कोनी?" मग ती साहेबांकडे वळली. "तुमचा कायदा म्हन्ते ना, टाकी आपल्या हद्दीत पाह्यजे? मंग देवबी आपल्याच हद्दीत पाह्यजे. सुमी, वाट सोड."

मी वाट सोडली. ती घरातून, स्वयंपाकघरातून, बैठकीतून चालत गेली आणि तिनं तो दगड पुढच्या अंगणात लिंबाखाली ठेवला. मी पुढं पुष्कळ शिकले, शिकवलं, मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. देव आणि कायदा यांच्याबद्दल इतकं नेमकं मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. ती अंगठा उठवणारी बाई होती म्हणून मला नवल वाटलं असं नव्हे. जे गमवायचं होतं ते सगळ्यात जास्त तिचंच होतं आणि तिला ते पक्कं माहीत होतं, याचं नवल वाटलं. अजून वाटतं.

टाकी फुटली. तिच्यामागून बाकीच्यांचे गोठे आणि न्हाण्याही गेल्या. मारुती हलल्यावर कोणाच्या तोंडाला काय कारण उरलं होतं? संध्याकाळी मी मागचं दार उघडून गल्लीत उभी राहिले तर इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सरळ दिसत होतं. पलीकडच्या टोकाला उन्हाचा तुकडा पडला होता आणि त्यातून एक सायकल गेली. घराच्या पाठीला पाठ लावून एवढा रस्ता होता आणि तो सगळ्यांचा होता. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले.

नवी टाकी पुढच्या अंगणात, नावाच्या पाटीसमोर खोदायची ठरली. आबांनी मुकाट्यानं खुणा आखल्या. पण मुरमाची जमीन, काम रेंगाळलं, आणि तोवर आमची पुन्हा रानाची वाट सुरू होणार होती. पहिल्या पहाटे मोठ्या मायनं टमरेल घेतलं, काठी घेतली, आणि गल्लीतून रस्ता जवळ पडेल म्हणून मागचं दार उघडलं. समोर जमीलाखाला कंदील घेऊन आपल्या परसाच्या दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. "उधर किधर चालली बाई?" ती म्हणाली. "मेरे घर में है ना. इधर आव."

मोठी माय गल्ली ओलांडून आत गेली. तिच्यामागून आई, आईमागून मी. त्या दिवसापासून आमची टाकी पुरी होईपर्यंत आम्ही तिघी रोज गल्ली ओलांडत राहिलो. खालाचा संडास आणि त्याची टाकी परसाच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपासून लांब, तिच्याच हद्दीत होती. त्याच्या दाराशी पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली असायची. आम्ही ती वापरायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली असायची. नासलेलं पाणी काढून टाकायला विहिरीचा उपसा अजून चालू होता, पाणी वापरायच्या लायक नव्हतं. हे पाणी येतं कुठून, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मोठ्या मायच्या आलं. एका सकाळी ती तिथंच थांबून राहिली, आणि खाला डोक्यावर घागर घेऊन दारातून आत आली. चौकातल्या हापशीवरून. आम्ही तिची विहीर नासवली होती, आणि आमच्यासाठी पाणी ती चौकातून डोक्यावर वाहत होती.

मोठी माय घरी आली आणि आबांना काय बोलली ते मला माहीत नाही. दार लोटलेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना आमच्या शाळेचे हेडक्लार्क धोतर वर खोचून, खांद्यावर घागर घेऊन, भर चौकातून चालत निघाले. हापशीवरच्या बायका बाजूला झाल्या. वाटेत मास्तर भेटले, विद्यार्थी भेटले, कोणी हसलं, कोणी "साहेब, तुमी?" म्हणालं. आबा चालत राहिले. माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली मी ऐकली नाही, त्यांना ते शब्द जमतच नसत. ते खालाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. सदरा भिजलेला, श्वास लागलेला.

"पानी आनलं," ते म्हणाले.

खालानं त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दारातून बाजूला झाली. "बाहेर कायको रखते भाऊ," ती म्हणाली. "अंदर आव."